धक्क्यापासून सातशे बारा पावलं

बोट चुकू नये म्हणून आदल्या दिवशीच बंदराजवळच्या हॉटेलात जाऊन राहायचं, ही कल्पना माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण या विषयावर घरात पुन्हा चौकशी समिती बसलेली मला सोसणार नाही. (आजवर तीन बसल्या. तिन्हींना दोषी एकच सापडला.)

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. साल विचाराल तर भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या आळीत पहिला रंगीत टीव्ही आला, ते. तेव्हा मुंबईहून गोव्याला बोट जायची. सकाळी दहाला भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. माझ्या आईला या बोटीत बसायचं होतं. आजकालचं नव्हे, लग्नाच्याही आधीपासून!

आई भिवंडीजवळच्या कोन गावची. खाडीतून जाणारे पडाव बघत मोठी झालेली. बाबा तिला बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला कशाची आवड आहे?" (मुलीला असं काही विचारायचं असतं हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं. पण बाबा मास्तर, प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.) आई म्हणाली, "मोठ्या बोटीत बसायचंय." बाबा म्हणाले, "बसवू." त्यानंतर पस्तीस वर्षं गेली. मधे माझा जन्म झाला, बहिणीचं लग्न झालं, घराची कौलं दोनदा बदलली, बाबांच्या हाताखालून हजारभर मुलं पाढे शिकून गेली, पण ते "बसवू" काही पुढं सरकलं नाही. आई कधी तक्रार करायची नाही. फक्त एखाद्या सणाला बाबांनी पुरणपोळी मागितली की शांतपणे म्हणायची, "वाढू."

त्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी सांगितलं की गोव्याची बोट आता बंद पडणार. मे महिना होता. पावसाळ्यात बोट बंदच असते, आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा सुरू होईल याची खात्री कोणी देईना. बाबांनी मला बोलावलं.

"सुरेश, यंदा तुझ्या आईला बोटीत बसवायचंच. पुढच्या वर्षी बोट असेल की नाही सांगता येत नाही. मी असेन की नाही तेही सांगता येत नाही."

"तुम्ही कुठं निघालात?"

"पस्तीस वर्षांत कुठंच निघालो नाही, म्हणून तर म्हणतोय!"

मी रांगेत उभा राहून चार तिकिटं आणली. आई, बाबा, मी आणि माझी बायको शैला. शेवटच्या दोन-चार फेऱ्यांपैकी एक आम्हाला मिळाली होती, म्हणजे ही चुकली तर पुन्हा तिकीट मिळायची आशा शून्य. आईनं ही बातमी प्रथम देवाला सांगितली, मग आळीला, मग कोनला निरोप धाडला. शेजारच्या युसूफभाईंनी भिंतीपलीकडून ओरडून अभिनंदन केलं, "चाचीजी जहाज में जा रहे! मुबारक हो!"

ते ओरडले, कारण आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात. युसूफभाईंच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे चोवीस लूम. खटॅक-खट, खटॅक-खट, दिवसरात्र! फळीवरची भांडी आपापली जागा बदलत असतात, पाहुणे दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम आठवून निघून जातात. शैला ठाण्याची. लग्नानंतर सहा महिने ती कानांत कापूस घालून झोपायची आणि कापूस असूनही रडायची. पुढं कापूसही सुटला आणि रडणंही. "पण मी काही भिवंडीची झाले नाही हं," असं मात्र ती अधूनमधून बजावायची.

आमच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं. सकाळी शिफ्ट बदलताना लूम दहा मिनिटं थांबायच्या, आणि त्या थांबल्या की घरातली सगळी माणसं एकाच वेळी ताडकन उठून बसायची. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी का कोण जाणे, घरात सगळ्यांचे डोळे लाल आणि जिभा तिखट असायच्या. बाबा म्हणायचे पित्त आहे. आई म्हणायची नजर आहे. दर आठवड्याला नेमकी शुक्रवारीच कोणाची नजर कशी लागते, हा प्रश्न कोणाला पडला नाही. (मलाही नाही. मी तर पदवीधर होतो!)

तर आता सवाल होता वेळेवर पोचायचा. नऊला धक्क्यावर हजर व्हायचं होतं.

"चारला उठू, पहिली एसटी धरू," बाबा म्हणाले.

"आणि काशेळीच्या पुलावर ट्रक आडवा झाला तर? कल्याणवरून जावं तर कोनला ट्रक आडवा झाला तर?"

"कोनचा ट्रक आडवा व्हनार न्हाय," आई म्हणाली. माहेरच्या ट्रकबद्दलही ती वावगं ऐकून घेत नसे.

"मग आदल्या दिवशी माझ्या दादाकडे परळला राहू," शैलानं सुचवलं.

हा मेव्हणा भेटेल तेव्हा "काय भिवंडीकर, ऐकू येतंय ना?" असं विचारायचा. त्याच्या घरी झोपून बोट पकडण्यापेक्षा मी पोहत गोव्याला गेलो असतो. मी जाहीर केलं, "आपण हॉटेलात राहायचं. बंदराजवळच्या. आणि ते मी निवडणार!"

मी सरकारी कचेरीत कारकून. तीन ठिकाणांहून माहिती मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा, या पद्धतीशिवाय आमच्याकडे टाचणीसुद्धा विकत घेता येत नाही. मी मोठा कागद आखला. स्थान, पाणी, हवा, शांतता, धक्क्यापर्यंतची पावलं आणि शेरा. शैला म्हणाली, "एका रात्रीसाठी?" मी म्हटलं, "निवडीचं तत्त्व रात्रींच्या संख्येवर अवलंबून नसतं." हे वाक्य तिनं नंतर मला अनेकदा ऐकवलं आहे.

लागोपाठ तीन रविवार मी मुंबईला जाऊन हॉटेलं तपासली. पहिलं हॉटेल उत्तम होतं, पण धक्क्यापर्यंत तीन हजार पावलं मोजली आणि मोजता मोजता एका केळेवाल्याच्या टोपलीत पाय गेला. शेरा: लांब. दुसरं अगदी धक्क्याजवळ, पण शेजारी बर्फाचा कारखाना. यंत्रं धडधडत होती. तिथला माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, "रात-दिन चालू रहता है साब, बंद नहीं होता." मी लाल शाईनं शेरा मारला: रात्रंदिवस आवाज, सर्वथा अयोग्य.

तिसरं पाहिलं आणि मी थबकलो. माझगावातली दुमजली इमारत. वर खोल्या, खाली कसलंसं बंद शटर. धक्क्याच्या फाटकापर्यंत सातशे बारा पावलं, सात मिनिटं. खोलीच्या खिडकीतून बंदर दिसायचं. आणि शांतता? मी पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो, एक आवाज आला नाही!

"इथं आवाज वगैरे असतो का हो?" मी मॅनेजरला विचारलं.

"रात्री? रात्री एकदम शांत, साहेब. टाचणी पडली तरी ऐकू येते."

आता इथं मी केलेली चूक समजून घ्या, कारण ती भिवंडीच्या बाहेरचा माणूस करूच शकणार नाही. दिवस रविवारचा होता. रविवारी सरकारी कचेरी बंद असते हे मला ठाऊक होतं, पण यंत्रं बंद असतात हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे यंत्राची सुट्टी शुक्रवारी. रविवारी नारपोलीत अख्खा परिसर खटखटत असतो. तेव्हा रविवारी जे शांत, ते कायमचंच शांत, असा माझा सरळ हिशेब! खालच्या बंद शटरकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. शांततेला दहापैकी दहा गुण दिले आणि शेरा लिहिला: स्थान उत्तम, शांतता उत्तम, सर्वार्थाने योग्य. (हॉटेलचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.)

निघायच्या दिवशी युसूफभाईंचा टेम्पो कापडाचे तागे घेऊन मुंबईच्या बाजारात चालला होता. त्यांनी आग्रहानं आम्हाला त्यात बसवलं. आई आणि शैला पुढं, मी आणि बाबा मागं ताग्यांवर. निघताना मी त्यांना मोठ्या अभिमानानं तक्ता दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला.

"सब ठीक है सुरेशभाई, पर नई जगह नींद आएगी ना चाचीजी को?"

"शांतता, दहापैकी दहा!" मी रकान्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी खोलीत शिरल्या शिरल्या आई खिडकीशी गेली. पलीकडे गोदामांच्या छपरांवरून बोटीचं धुरांडं आणि वरचा पांढरा मजला दिसत होता. तिनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. मग म्हणाली, "अवो, इकडं या. केवढी हाय बघा तरी!" बाबा तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. पस्तीस वर्षांनी उद्या उत्तरपत्रिका द्यायची आहे, असा त्यांचा चेहरा झाला होता. "सुऱ्यानं जागा झ्याक हुडकली," आई म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तक्त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात, हृदयापाशी ठेवली.

रात्री नऊला दिवा मालवला आणि त्या क्षणापासून आमचे हाल सुरू झाले.

झोप येईना. डोळे मिटले की शांतता, उघडले की शांतता! बाबांच्या मनगटी घड्याळाची टिकटिक मला चार हातांवरून ऐकू यायला लागली. शैलाची बांगडी वाजली तरी सगळे दचकत होते. मोरीत नळ ठिबकत होता, तोच काय तो आधार, पण बाबांनी उठून तोही घट्ट बंद केला.

"सुऱ्या," अंधारातून आई म्हणाली, "आजूबाजूला कोन मेलं का रे? एवढी सामसूम कशी?"

"आई, याला शांतता म्हणतात. मुद्दाम घेतलीय आपण."

"पित्त झालंय," बाबा म्हणाले.

"पित्त कशाचं? नजर हाय. अख्ख्या आळीला सांगून आलेय मी." तिनं पिशवीतून मीठ-मोहऱ्या काढल्या (बोटीच्या प्रवासाला ती हे घेऊन निघाली होती!) आणि चौघांवरून ओवाळल्या. तरी कोणाचा डोळा लागला नाही. आम्ही चौघं पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलो.

शेवटी साडेपाचला उठून सगळ्यांनी अंघोळी उरकल्या. सहाला दारावर थाप पडली. मॅनेजर स्वतः आला होता.

"साहेब, उठा! बोट आहे ना तुमची?"

"अहो, आम्ही झोपलोच नाही तर उठायचं काय!" मी जरा चिडूनच म्हणालो. "सगळे तयार आहेत. आता कृपा करून पुन्हा दार वाजवू नका."

सव्वासहाला आम्ही पूर्ण तयार होतो. बाबा कोट-टोपी घालून, छत्री घेऊन खुर्चीत. आई नवं लुगडं नेसून, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन खाटेवर. शैला केस विंचरत होती. मी एका पायात बूट चढवला होता. हजर व्हायची वेळ नऊ आणि अंतर सात मिनिटं! हॉटेल लांब असतं तर आम्ही तेव्हाच निघालो असतो. पण ते उत्तम जागी होतं, म्हणून बसलो.

साडेसहाला खालचं शटर वर गेलं. मग कोणीतरी बटण दाबलं, आणि जमिनीखालून आवाज आला. खटॅक-खट. खटॅक-खट. खटॅक-खट!

तो छापखाना होता. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांचं काम तुंबलेलं, म्हणून भल्या सकाळी मशीन सुरू झालं होतं. पलंग हलकेच थरथरायला लागला. तांब्याभांडं किणकिणलं. आईच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा समाधान आलं.

"आली बघ लाईट," ती म्हणाली. (आमच्याकडे गेलेली वीज परत आली की लूम अशाच सुरू होतात.)

यापुढचं मला काही आठवत नाही.

नंतर आठवतो तो थेट एक भयंकर क्षण. खाली छापखान्यात चहाची वेळ झाली आणि मशीन थांबलं. मशीन थांबताच आम्ही चौघं एकाच वेळी ताडकन उठून बसलो! बाबांची टोपी नाकावर. आईच्या मांडीवर डबा तसाच. शैलाचा कंगवा केसांत तसाच. माझ्या एका पायात बूट. बाबांनी घड्याळ पाहिलं.

"दहाला पाच कमी!"

आणि बंदराच्या बाजूनं बोटीचा भोंगा झाला. भों!

जिन्यावरून आम्ही कसे उतरलो देव जाणे. काउंटरवर मॅनेजर म्हणाला, "अरे, तुम्ही अजून इथंच? साहेब, तुम्हीच म्हणालात दार वाजवू नका!" मी एका बुटावर, बगलेत वळकटी. बाबा छत्री पुढं रोखून. आई नऊवारीचा काचा मारून आमच्या सगळ्यांच्या पुढं! सात मिनिटांचं अंतर आम्ही साडेपाच मिनिटांत तोडलं. ज्याला मी सातशे बारा पावलं मोजली होती, ते माझ्या अंदाजानं तीनशेत संपलं.

तरी उशीर झालाच. शिडी वर ओढली गेली होती. बोट आणि धक्का यांच्यामध्ये एक लुगडं वाळत घालता येईल इतकं पाणी होतं. मग दोन लुगडी. मग तीन.

"थांबा!" बाबा गरजले. या आवाजानं तीस वर्षं अख्खे वर्ग जागच्या जागी थिजले होते. पण बोट काही बाबांच्या हाताखालून गेलेली नव्हती. ती निघाली.

वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी उभी राहून रुमाल हलवत होती. आम्ही निरोप द्यायला आलोय असं समजून त्यांनी आमच्याकडे बघूनही हलवले. मी खाली मान घातली. बघतो तर आई हात हलवत होती.

"अगं आई, कोणाला हात करतेयस?"

"कोन का असंना. ती एवढी हात करतात, आपन न्हाय करायचा?"

बोट लहान होईपर्यंत ती हात हलवत राहिली. डबा दुसऱ्या हातात घट्ट धरलेला. मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, रडू आलं. तीन रविवार, एक तक्ता, सातशे बारा पावलं, आणि एवढं करून मी माझ्या आईची बोट घालवली होती. खिशातला तक्ता काढून मी समुद्रात भिरकावला. वाऱ्यानं तो परत आणून माझ्या तोंडावर मारला.

बाबा पुढं झाले. "चुकलं माझं," ते आईला म्हणाले. "फार वर्षं लावली."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण बोट क्षणभर विसरून ती म्हणाली, "काय म्हनलात?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

तेवढ्यात धक्क्याच्या पायऱ्यांवरून एक खलाशी ओरडायला लागला, "चला, रेवस! रेवस! रेवस!" पलीकडच्या तीरावर रेवसला जाणारी लाँच उभी होती. कोंबड्या, टोपल्या, सायकली, माणसं. आई तिकडे वळली.

"ती पन बोटच हाय ना?"

"लाँच आहे ती, आई. लहान असते."

"पान्यावर चालते ना?"

"चालते."

"मंग चला की! डबा करून आनलाय, तो काय धक्क्यावर बसून खायचा?"

आम्ही लाँचमध्ये चढलो. आता काही झालं तरी आईचा हा प्रवास नीट व्हायला हवा होता, म्हणून जागा मी निवडली. (मी निवडायला लागलो तेव्हाच कोणीतरी मला पाण्यात ढकलायला हवं होतं.) माझ्या मते नावेच्या मध्यभागी हेलकावे कमी बसतात. मध्यभागी छप्पर होतं, सावली होती, टेकायला लाकडी पेटी होती. चौघांना ओळीनं बसवलं. ती पेटी इंजिनाची होती.

खलाशानं दोर सोडला. पेटीखालून आवाज आला. धडक-धड, धडक-धड, धडक-धड!

रेवसला इंजिन थांबलं, तसे आम्ही चौघं ताडकन उठून बसलो.

"कवा निघनार ही?" आईनं डोळे चोळत विचारलं.

"आजी, पोचली!" शेजारचा कोंबड्यांची टोपली घेतलेला माणूस म्हणाला. "काय झोपता हो तुमी! माझा कोंबडा दोन येलां आरवला तुमच्या कानात!"

मग शैला हळूच म्हणाली, "अहो, आज वार कोणता?"

"बुधवार. का?"

"मग काल शुक्रवार असल्यासारखी झोप का उडाली आपली? आणि सकाळी छापखाना सुरू झाला आणि लागली. आता हे इंजिन लागलं आणि लागली." ती एकेका बोटावर मोजत होती. मधेच तिचा चेहरा पडला. "आणि अहो, मलाही लागली!" त्या क्षणी ती कायमची भिवंडीची झाली. तिनं थोडा वेळ शोक केला आणि मग डोळे बारीक करून माझ्याकडे वळली. "तो बर्फाचा कारखाना. रात्रंदिवस चालणारा. त्याच्यापुढं काय लिहिलं होतंत तुम्ही?"

"सर्वथा अयोग्य," मी म्हणालो.

"म्हंजे इतकी वर्सं ते पित्त न्हाय?" आईनं बाबांना विचारलं.

"आणि नजरही नाही," बाबा म्हणाले.

आधी आई हसायला लागली. मग बाबा, मग शैला, मग तो कोंबडीवाला. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिथंच धक्क्यावर बसून दशम्या खाल्ल्या. चटणीसकट सगळा डबा फस्त झाला, कोंबडीवाल्यालाही दोन दिल्या. डबा झाकून आईनं पदर खोचला आणि परतीच्या लाँचमध्ये पहिलं पाऊल टाकलं. ती तडक पुढं गेली, पार टोकाला, इंजिनापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

"मी हितं उभी ऱ्हानार. बसनार न्हाय. अवो, तुम्ही पन या."

लाँच निघाली. वारा सुटला होता. पाणी आईच्या तोंडावर उडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बाबांनी एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं आईचा दंड धरला होता. मधे कुठंतरी दूरवर एक मोठं जहाज दिसलं. आईनं विचारलं, "ती आपली बोट का?" बाबा म्हणाले, "नव्हे. आपली ही." पुढं थोड्या वेळानं ते म्हणाले, "बसवली बरं का तुला बोटीत." त्यावर आई म्हणाली, "बसवलीत कुठं? उभीच हाय की मी!" आणि मग समुद्राकडे तोंड करून ती एकटीच हसत राहिली. धक्का येईपर्यंत तिनं पापणीसुद्धा मिटली नाही. तसं सुख तिच्या चेहऱ्यावर आयुष्यात दोनदाच दिसलं म्हणे, एकदा माझ्या जन्माच्या वेळी आणि एकदा त्या दिवशी.

"म्हणे" अशासाठी की हे सगळं मला बाबांनी नंतर सांगितलं. मी स्वतः काही पाहिलं नाही. परतीच्या प्रवासात जरा निवांत बसून आईचा चेहरा डोळे भरून पाहावा, म्हणून मी लाँचमधली सगळ्यात मोक्याची जागा निवडली होती. सावली, टेकायला लाकडी पेटी, आणि तिथून आई अगदी समोर दिसायची.